वाचनालय, सार्वजनिक

एखाद्या गावातील वा शहरातील रहिवाशांनी वर्गणी, देणग्या व स्वतःचे श्रम यांच्या आधारे चालविलेली आणि ग्रंथ, नियतकालिके व वृत्तपत्रे सर्वांस उपलब्ध करून देणारी संस्था. मराठीत ‘वाचनालय’, ‘ग्रंथालय’ व ‘ग्रंथसंग्रहालय’ हे तीन शब्द बहुधा एकमेकांच्या जागी वापरले जातात. तथापि त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. वाचनालय म्हणजे बसून वाचण्याची जागा, ग्रंथालय म्हणजे ग्रंथांची देवघेव करणारी संस्था व ग्रंथसंग्रहालय म्हणजे ग्रंथ जमवून ते जतन करणारी संस्था, असा भेद स्थूलमानाने करता येतो. महाराष्ट्रातील बहुतेक संस्था ही तिन्ही कार्ये कमीअधिक प्रमाणात एकाच छपराखाली पार पाडतात. जेथे वर्गणी न देता कोणासही आत येऊन वृत्तपत्रे वाचता येतात, त्या विभागास ‘मुक्तद्वार वाचनालय’ म्हणतात.

इतर अनेक राज्यांतील सार्वजनिक ग्रंथालये शासनाने किंवा स्थानिक ग्रंथालय प्राधिकरणांनी उभारलेली आहेत. महाराष्ट्रातील ग्रंथालये मात्र प्रामुख्याने लोकांनी स्थापन केलेली असून शासन त्यांना अनुदान देते. त्यामुळे येथील वाचनालयाचा विचार त्यातील ग्रंथसंख्येपुरता करून भागत नाही. ते कोण चालवितो, किती वेळ देतो व त्याबद्दल त्यास काय मिळते, हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे ठरतात. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणची जुनी वाचनालये त्यांच्या दुर्मिळ ग्रंथांमुळे परिचित आहेत. तालुक्याच्या गावांतील वाचनालयांकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. प्रस्तुत नोंदीत म्हणून रायगड जिल्ह्यातील पनवेल व त्याचा परिसर यांचा विचार विशेषत्वाने केला आहे.

उगम : महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालयांची परंपरा अव्वल इंग्रजीच्या काळापासून सुरू होते. रत्नागिरी येथे १८२८ मध्ये, अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे १८३८ मध्ये व नाशिक येथे १८४० मध्ये वाचनालये निघाली. त्यानंतर पुणे (१८४८), कोल्हापूर (१८५०), सोलापूर (१८५३), कल्याण (१८६४) अशी ही मालिका वाढत गेली. यांपैकी अनेकांचे मूळ नाव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असे होते. पुण्याच्या संस्थेच्या स्थापनेत लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांचा पुढाकार होता. आरंभीच्या या संस्थांचे आश्रयदाते म्हणजे इंग्रज अधिकारी, संस्थानिक, सरदार व नवशिक्षित सरकारी नोकर. वर्गणी सामान्य माणसास परवडणारी नव्हती व संग्रहात इंग्रजी ग्रंथांचा भरणा होता.

मराठी ग्रंथांसाठी स्वतंत्र संस्था असावी, हा विचार पुढे आला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. महाराष्ट्र सारस्वत या ग्रंथाचे कर्ते विनायक लक्ष्मण भावे यांनी सहकाऱ्यांसमवेत १ जून १८९३ रोजी ठाणे येथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९८ मध्ये झाली. ठाण्याच्या संस्थेमागे कोणी अधिकारी वा संस्थानिक नव्हता. हौशी तरुणांनी घरोघर जाऊन ग्रंथ मिळविले आणि ते क्रमवार लावून ठेवले. मराठी वाचनालयाचा जो कार्यकर्ता पुढे गावोगाव दिसू लागला, त्याचा नमुना येथे सिद्ध झाला, असे म्हणता येईल.

पनवेल व त्याचा परिसर : पनवेल हे खाडीकाठचे जुने बंदर. मुंबईहून तरीने पनवेलपर्यंत यावयाचे व तेथून खुष्कीच्या मार्गाने बोरघाट चढून पुण्यास जावयाचे, हा रेल्वेपूर्व काळातील रूढ प्रवासमार्ग होता. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाल्यावर देशावरील माल पनवेल बंदरात उतरू लागला. पुढे रेल्वे कल्याणमार्गे खोपोलीपर्यंत (१८५६) व घाट चढून पलीकडे (१८६३) गेली आणि पनवेलच्या व्यापाराचे महत्त्व ओसरले. बंदराच्या भरभराटीच्या काळातच, १८५२ मध्ये, येथे नगरपालिका स्थापन झाली. महाराष्ट्रातील अगदी आरंभीच्या नगरपालिकांत तिची गणना होते. ज्या १८५० च्या अधिनियमाखाली ती स्थापन झाली, तो रहिवाशांची इच्छा असेल तेथेच लागू करावयाचा होता, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. आयुर्वेदीय औषधांचा धूतपापेश्वर हा कारखाना कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये पनवेल येथे काढला. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव शिरढोण याच तालुक्यात आहे. अशा गावात शिक्षकवर्ग, वकील, वैद्य, व्यापारी व सरकारी नोकर यांची वस्ती असल्याने वाचनालयास आवश्यक असलेला वाचक व कार्यकर्ता असे दोन्ही येथे उपलब्ध झाले. के. गो. लिमये यांचे नाव धारण करणारे येथील सार्वजनिक वाचनालय व ग्रंथालय याच परंपरेतील आहे.

१९७० मध्ये नवी मुंबईच्या उभारणीसाठी सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. १९९८ मध्ये मुंबईच्या हार्बर मार्गावरील उपनगरी गाड्या पनवेलपर्यंत येऊ लागल्या. १ ऑक्टोबर २०१६ रोजी नगर परिषदेच्या जागी महानगरपालिका आली व खारघर, कळंबोली, कामोठे या वसाहती आणि आसपासची अनेक गावे तिच्या हद्दीत समाविष्ट झाली. अर्धशतकाच्या आत एका तालुक्याच्या गावाचे महानगर झाले. या स्थित्यंतरात वाचनालयाच्या सभासदांचे स्वरूपही पालटले. जुना सभासद गावातच राहणारा व गावातच काम करणारा होता. नवा सभासद पहाटेच्या गाडीने मुंबईस जातो व रात्री परततो. सायंकाळी पाच ते आठ ही वाचनालयाची पारंपरिक वेळ त्याच्या उपयोगाची नसते.

‘सार्वजनिक’ या शब्दाची व्याप्ती : संस्थेच्या नावात सार्वजनिक हा शब्द असला, तरी ती खरोखर सर्वांना खुली असेच, असे नाही. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा, सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा इ. स्थळे अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुली करण्याविषयीचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. तथापि त्याची अंमलबजावणी किती कठीण होती, हे त्या वेळच्या कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यातील महाड येथे १९२७ मध्ये झालेल्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाने दाखवून दिले. पनवेलही याच जिल्ह्यात मोडत असे. वाचनालयांत उघड मज्जाव नसला, तरी वर्गणी, अनामत रक्कम व जुन्या सभासदाची शिफारस या तीन अटी अनेकांना दूर ठेवण्यास पुरेशा होत. स्त्रियांच्या बाबतीत अडचण निराळी होती. त्यांची पुस्तके घरातील पुरुष किंवा मुले बदलून आणीत. त्यामुळे निवडही त्यांचीच असे. महिला विभाग, बालविभाग व मुक्तद्वार विभाग यांची पुढे झालेली वाढ ही या उणिवांवरील उपाययोजना होती, आणि ती सर्व ठिकाणी सारखी झालेली नाही.

कायदा व अनुदान : मुंबई सरकारने १९३९ मध्ये आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यातील वाचनालयापर्यंत क्रमाक्रमाने पोहोचणारी योजना या समितीने सुचविली. परंतु महायुद्ध व पैशाची टंचाई यांमुळे स्वातंत्र्यप्राप्तीपर्यंत ती कागदावरच राहिली. कोल्हापूर संस्थानाने मात्र १९४५ मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. भारतातील तो असा पहिला कायदा होय. मद्रास राज्याचा कायदा १९४८ चा. त्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसविण्याची तरतूद असून त्यामागे ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांची प्रेरणा होती. त्या राज्यात उपकरातून चालणारी स्थानिक प्राधिकरणे उभी राहिली.

महाराष्ट्राने १९६७ मध्ये केलेल्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमात (अंमल १ मे १९६८ पासून) निराळा मार्ग पत्करला. उपकर बसविण्यात आला नाही. ग्रंथालय संचालनालय व राज्य ग्रंथालय परिषद यांची स्थापना झाली; शासकीय ग्रंथालये मोजक्या ठिकाणी ठेवण्यात आली आणि बाकीचा सारा भार लोकांनी चालविलेल्या संस्थांवर सोपवून त्यांना मान्यता व अनुदान देण्याची पद्धत १९७० च्या नियमांनी घालून देण्यात आली. ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिके, उघडे राहण्याची वेळ इत्यादींवरून ग्रंथालयांचे अ, ब, क व ड असे वर्ग पाडले जातात; शिवाय जिल्हा, तालुका व इतर असा भेद केला जातो. मान्यतेसाठी संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली व १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असावी लागते. याखेरीज कोलकाता येथील राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान (स्थापना १९७२) ग्रंथरूपाने साहाय्य करते.

या धोरणाचे गुण व दोष एकाच मुळातून निघतात. शासनाने संस्थांची स्वायत्तता राखली. कोणती पुस्तके घ्यावीत, कोणता वक्ता बोलवावा हे ठरविण्याचा अधिकार गावाकडेच राहिला. राज्यात सुमारे बारा हजार मान्यताप्राप्त ग्रंथालये उभी राहिली, ती याच धोरणामुळे. परंतु एखाद्या वस्तीत ग्रंथालय असलेच पाहिजे, असे बंधन त्यामुळे कोणावरच आले नाही. नगर परिषदा व महानगरपालिका यांच्या कायद्यांत ग्रंथालय चालविणे हे ऐच्छिक कर्तव्य मानले आहे. पाणीपुरवठा किंवा साफसफाई यांप्रमाणे ते बंधनकारक नाही. पनवेलची नगर परिषद जाऊन महानगरपालिका आली, तेव्हा नागरिकांवरील कर बदलले, कर्तव्यांची यादी लांबली. मात्र ग्रंथालय ऐच्छिक रकान्यातच राहिले. नव्या वसाहतीत पाच-दहा माणसे एकत्र येऊन संस्था नोंदवतील, जागा मिळवतील व ग्रंथ जमवतील, तरच तेथे वाचनालय निघते. १८५० च्या अधिनियमाने नगरपालिकांबाबत जी अट घातली होती, तीच ग्रंथालयांच्या बाबतीत आजही लागू आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

कार्यकर्ते व त्यांचे काम : वाचनालयाचा कारभार सभासदांनी निवडलेल्या कार्यकारी मंडळाकडे असतो. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्यवाह, सहकार्यवाह व कोषाध्यक्ष हे त्याचे पदाधिकारी मानद, म्हणजे विनावेतन, काम करतात. सभासदांचे साधारण, आजीव व आश्रयदाते असे प्रकार असतात. प्रत्यक्षात अध्यक्षपद बव्हंशी प्रतिष्ठेचे असते व संस्थेचा भार कार्यवाहावर पडतो. हा कार्यवाह पुष्कळदा निवृत्त शिक्षक, बँकेतील वा पोस्टातील नोकर किंवा दुकानदार असतो. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना काढणे, अहवाल लिहिणे, हिशेबतपासनिसाकडून जमाखर्च तपासून घेणे, विश्वस्त बदलल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात फेरफार अर्ज देणे, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या तपासणीस सामोरे जाणे ही त्याची कामे. त्यांपैकी एकाचाही पुस्तक वाचण्याशी संबंध नाही. वाचनाच्या आवडीने संस्थेत आलेला माणूस कागदपत्रांतच अडकून पडतो, ही तक्रार जुनी आहे.

पगारी सेवकवर्ग म्हणजे ग्रंथपाल, साहाय्यक व शिपाई. लहान संस्थेत ही तिन्ही कामे एकाच व्यक्तीकडे असतात. आलेल्या पुस्तकाची दाखल नोंदवहीत नोंद करणे, त्यावर शिक्का व क्रमांक घालणे, वर्गीकरण करणे, देवघेवीची नोंद ठेवणे, थकबाकीदार सभासदांना पत्रे पाठविणे, गहाळ व जीर्ण पुस्तकांचे निर्लेखन करणे ही कामे नित्याची. कोकणच्या दमट हवेत पुस्तकांची निगा हा वेगळाच उद्योग होतो. पावसाळ्यात कपाटांना बुरशी येते, कसर लागते. भिंतीतून वाळवी चढते. श्रावण संपून ऊन पडू लागले, की पुस्तके बाहेर काढून झाडणे, वारा देणे, कपाटांत डांबरगोळ्या किंवा कडुनिंबाचा पाला ठेवणे यासाठी सभासदांची मुले व कार्यकर्ते यांना हाताशी धरले जाते. उसवलेल्या पुस्तकांची बांधणीही अनेक ठिकाणी कार्यकर्तेच शिकून घेतात.

दिवाळी अंकांचा हंगाम हा वाचनालयाच्या वर्षातील सर्वांत धामधुमीचा काळ. १९०९ मध्ये मनोरंजन मासिकाने खास दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक नवीच प्रथा सुरू झाली. वाचनालये या अंकांसाठी स्वतंत्र वर्गणी घेतात. शंभराहून अधिक अंक एकदम खरेदी करावे लागतात. मात्र ते सर्व सभासदांत फिरून होईपर्यंत शिमगा येतो. मागणी असलेले अंक आधी कोणी न्यावेत, यावरून होणारे रुसवेफुगवे कार्यवाहास मिटवावे लागतात. या योजनेतून मिळणारी रक्कम लहान वाचनालयाच्या वार्षिक जमेत लक्षणीय असते, हे येथे नमूद करावयास हवे. शासकीय अनुदान हप्त्याहप्त्याने व बहुधा उशिरा येत असल्याने मधल्या काळातील वृत्तपत्रांची बिले अशाच रकमांतून भागविली जातात.

व्याख्यानमाला हे वाचनालयांचे दुसरे मोठे कार्य. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेचे अनुकरण महाराष्ट्रात सर्वत्र झाले व तालुक्याच्या गावी ती जबाबदारी वाचनालयाने उचलली. पनवेलसारख्या गावास या बाबतीत स्थानमाहात्म्याचा लाभ होतो. मुंबई व पुणे या दोन्ही शहरांतील वक्ता सायंकाळी येऊन त्याच रात्री परतू शकतो. त्यामुळे मुक्कामाचा खर्च वाचतो. वक्त्यास पत्र घालणे, स्थानकावर उतरवून घेणे, सतरंज्या अंथरणे, ध्वनिक्षेपक लावणे, प्रास्ताविक व आभार ही कामे वाटून घेतली जातात. आभारप्रदर्शन नवख्या कार्यकर्त्याकडे देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे व सभाधीटपणाचा पहिला धडा त्याला तेथेच मिळतो. यांशिवाय ग्रंथदिंडी, मुलांच्या वक्तृत्व व कथाकथन स्पर्धा, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि २०१५ पासून १५ ऑक्टोबरला साजरा होणारा वाचन प्रेरणा दिन हे उपक्रमही कार्यकर्त्यांच्या बळावर चालतात.

गावाच्या वार्ता व वाचनालय : वाचनालयाचा जो भाग सर्वांत कमी भपकेबाज, तोच गावाच्या सर्वाधिक उपयोगाचा ठरला आहे. तो म्हणजे वृत्तपत्रांचे मेज व दाराशी असलेला फळा. पूर्वी घरोघरी वृत्तपत्र येत नसे. एका अंकाभोवती चार जण बसत व एक जण मोठ्याने वाचून दाखवी. निरक्षर माणसासही मग बातमी कळे. फळ्यावर नवीन पुस्तकांची नावे, व्याख्यानाची वेळ, शोकसभेची सूचना, परीक्षेत यश मिळविलेल्यांचे अभिनंदन, हरवले-सापडले असा संमिश्र मजकूर लिहिला जातो. सुवाच्य अक्षराचा एखादा कार्यकर्ता वर्षानुवर्षे हे काम करतो. हा फळा म्हणजे गावाचे दैनिकच. त्याची फाईल मात्र राहत नाही.

मुंबईची मोठी दैनिके आणि अलिबागच्या कृषीवलसारखी जिल्हापत्रे शेजारी शेजारी ठेवणारे ठिकाण गावात बहुधा वाचनालय हेच असते. जिल्हापत्रांतील ‘जाहीर नोटिसां’ना पनवेल परिसरात विशेष महत्त्व आहे. अमुक गावची, अमुक गट क्रमांकाची जमीन आमचे अशील विकत घेत असून कोणाची हरकत असल्यास ठरावीक दिवसांत कळवावी, अशा आशयाच्या या सूचना असतात. मुदतीत हरकत न आल्यास कोणाचाही हक्क नाही असे समजण्यात येईल, असे त्यात शेवटी म्हटलेले असते. जमिनींचे व्यवहार ज्या भागात झपाट्याने होतात, तेथे एखाद्या सामाईक वारसाने ती सूचना पाहिली किंवा नाही, यावर पुढील वर्षानुवर्षांचा दावा अवलंबून राहतो. वृत्तपत्र विकत न घेणाऱ्या कुटुंबास ही सूचना विनामूल्य पाहता येईल अशी जागा मुक्तद्वार वाचनालयाखेरीज क्वचितच असते.

जुन्या अंकांच्या बाबतीतही हीच स्थिती आहे. नवी मुंबई प्रकल्पासाठी झालेल्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई व दास्तान परिसरात मोठे आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना पुढे अमलात आली, तिची पार्श्वभूमी या आंदोलनाची आहे. अशा घटनांचा दिवसागणिक वृत्तांत स्थानिक पत्रांतूनच मिळतो. या पत्रांच्या बांधीव फायली ठेवण्यास जागा लागते व ती जागा वाचनालयाकडे नसते. म्हणून ठरावीक मुदतीनंतर अंक रद्दीत जातात. रद्दीच्या विक्रीची रक्कम जमाखर्चात दिसते. त्याबरोबर गेलेला इतिहास दिसत नाही. कोणते अंक राखावेत याचा निर्णय घेणारा जाणता कार्यकर्ता जेथे होता, तेथील फायली टिकल्या. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची सूची दोन भागांत सिद्ध केली. असे काम होऊ शकते, याचे एक कारण ठिकठिकाणच्या संग्रहांत ग्रंथ राखून ठेवले गेले हे होय. स्थानिक वृत्तपत्रांना मात्र असा दाते अद्याप लाभलेला नाही.

सेवकांचा प्रश्न : मानद कार्यकर्ता व वेतन घेणारा सेवक यांतील अंतर ही या व्यवस्थेतील सर्वांत अवघड बाब आहे. शासनाच्या पुरस्कारांतही हे दोन वर्ग वेगळे मानले आहेत. उत्कृष्ट ग्रंथालयास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावे, तर उत्कृष्ट कार्यकर्ता व उत्कृष्ट सेवक यांना रंगनाथन यांच्या नावे स्वतंत्र ‘ग्रंथमित्र’ पुरस्कार दिले जातात. कार्यकर्त्याचा चरितार्थ अन्यत्र चालतो; सेवकाचा चालत नाही. त्याचे वेतन संस्थेस मिळणाऱ्या अनुदानातूनच द्यावयाचे असल्याने ते अनुदानाइतकेच तुटपुंजे राहते. सेवकांना वेतनश्रेणी व सेवाशर्ती लागू कराव्यात, अशी मागणी ग्रंथालय संघांनी दीर्घकाळ केली आहे. व्यंकप्पा पत्की समितीने त्या दिशेने शिफारशीही केल्या. परंतु ग्रंथालये ही खाजगी संस्थांची व सेवक त्या संस्थांचे, ही कायद्याची बैठक असल्याने मागणीची पूर्तता झाली नाही. सेवाभाव हा शब्द कार्यकर्त्यास शोभतो. पूर्ण वेळ काम करणाऱ्या सेवकास तो ऐकविणे न्याय्य ठरत नाही.

२०१२ मध्ये शासनाने महसूल यंत्रणेमार्फत राज्यातील ग्रंथालयांची पडताळणी केली. काही ग्रंथालये केवळ कागदोपत्री चालत असल्याचे तीत आढळून आले व त्यानंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता देणे आणि चालू ग्रंथालयांचा वर्ग वाढविणे बराच काळ थांबले. बनावट संस्थांना आळा घालण्यासाठी तपासणी आवश्यकच होती. मात्र तिचा फटका प्रामाणिक संस्थांनाही बसला. पनवेल परिसरातील नव्या वसाहतींची लोकसंख्या ज्या काळात सर्वाधिक वाढली, तोच हा काळ होय. अनुदानात ६० टक्के वाढ करण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे वाचनालये बंद झाली ती ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. या अवधीत वर्गणी आली नाही आणि पुस्तके सभासदांच्या घरीच राहिली. वाचनालये पुन्हा उघडल्यावर आलेली पुस्तके काही दिवस बाजूला ठेवून मगच फिरविण्याची दक्षता ठिकठिकाणी घेण्यात आली. अनेक ज्येष्ठ सभासदांचे येणे तेव्हापासून सुटले. त्यांना घरपोच पुस्तके देण्याचे काम काही ठिकाणी कार्यकर्त्यांनी स्वीकारले. ही कल्पना नवीन नाही. सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदे संस्थानात १९१० मध्ये आलेले अमेरिकन ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांच्या देखरेखीखाली खेडोपाडी ग्रंथपेट्या पाठविल्या जात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना (२००९) त्याच तत्त्वावर आधारलेली असून तिच्या पेट्या महाराष्ट्राबाहेरील मराठी वस्त्यांपर्यंत पोहोचल्या आहेत. महाबळेश्वरजवळील भिलार या गावी २०१७ पासून रहिवाशांच्या घरांतूनच ग्रंथ ठेवण्यात आले आहेत.

अलीकडे तालुक्याच्या वाचनालयांत सर्वाधिक गर्दी असते ती अभ्यासिकेत. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी सकाळपासून तेथे बसतात. लहान घरांत त्यांना शांत कोपरा मिळत नाही. ते कथा-कादंबऱ्या नेत नाहीत व देवघेवीच्या आकड्यांत त्यांची गणना होत नाही. परंतु वाचनालयाची वेळ वाढवावी यासाठी आग्रह धरणारे, किल्ली स्वतःकडे घेऊन रात्री उशिरा दार लावणारे व सकाळी पुन्हा उघडणारे तरुण आता पुष्कळ ठिकाणी यांच्यातूनच पुढे येत आहेत.